धुराचा दावा कुणावर लावायचा?

(कार्यकर्ता शिबिरातील मांडणी. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावी.)



वनहक्काचे दावे कसे भरायचे, अपील कसं करायचं, मोजणीला कोण हजर राहायचं, हे आपण मागच्या शिबिरांतून पुष्कळ वेळा बोललो. आज एक वेगळा दावा समजून घ्यायचा आहे. तो जमिनीचा नाही, छातीचा आहे.

होळी झाली की डोंगर पेटायला लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वनखात्याच्या भाषेत हा आगीचा हंगाम. आपल्या भाषेत हा मोहाचा, मग तेंदूपानाचा, चारोळीचा हंगाम. म्हणजे ज्या महिन्यांत जंगलात धूर असतो, त्याच महिन्यांत आपली माणसं, त्यातही बाया आणि पोरं, पहाटेपासून जंगलात असतात. रात्री वणवा दिसला की गडीमाणसं हिरव्या फांद्या तोडून झोडपायला धावतात. तोंडाला काय, तर पंचा. सकाळी डोळे लाल, घशात काटे, छातीत घरघर. आठ दिवस खोकला. म्हातारं माणूस असेल तर धाप. आणि कुणी विचारलं तर आपण म्हणतो, "काही नाही, धूर लागला."

आता आपल्याला विचारायचं आहे: हा जो धूर लागला, त्याची जबाबदारी कुणाची? त्याची भरपाई मागता येते का? मागितली तर कोर्टात काय होतं? जगात लोकांनी ती मागितलेली आहे. त्यातली एक गोष्ट आपण नीट ऐकू, कारण ती आपल्यासारख्याच माणसांची आहे.

कालिमांतानची गोष्ट

इंडोनेशिया नावाचा बेटांचा देश आहे. त्यात बोर्निओ नावाचं मोठं बेट, त्याच्या इंडोनेशियातल्या भागाला कालिमांतान म्हणतात. तिथे दायाक हे मूळचे रहिवासी. जंगलात राहणारे, डोंगरउतारावर फिरती शेती करणारे. आपण राब भाजतो, तसं तेही भाताच्या पेरणीआधी तुकडा भाजतात.

मध्य कालिमांतानमध्ये फार मोठी दलदलीची जमीन आहे. हजारो वर्षं पाला, मुळं, खोडं पाण्याखाली साचून तयार झालेली काळी माती. तिला पीट म्हणतात. ती पाण्यात आहे तोवर जळत नाही. पण १९९५ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी हुकूम काढला की या भागातली दहा लाख हेक्टर जमीन भातशेतीखाली आणायची. पाणी काढण्यासाठी चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले. पाणी गेलं, जंगल गेलं, भात मात्र आला नाही. प्रकल्प चार वर्षांत गुंडाळला. मागे राहिली वाळलेली काळी माती, म्हणजे सरपणच. इतर ठिकाणी पामतेलाच्या आणि कागदाच्या लाकडाच्या लागवडीसाठी कंपन्यांना परवाने मिळाले आणि त्यांनीही तसेच कालवे खोदले.

वाळलेलं पीट एकदा पेटलं की वरून विझलेलं दिसतं, पण जमिनीखाली धुमसत राहतं. आठवडे, महिने. आणि ज्वाळेपेक्षा धुमसणाऱ्या आगीचा धूर जास्त वाईट.

२०१५ साली तिथे पाऊस लांबला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आगी चालल्या. जागतिक बँकेच्या हिशेबानं सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली आणि देशाचं १६ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. पालंकाराया हे मध्य कालिमांतानचं मुख्य शहर. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की तिथे हवा धोकादायक धरतात. त्या शहरात तो २,००० च्या जवळ गेला. भरदुपारी हवा पिवळी, समोरचं घर दिसेना. शाळा बंद. देशभरात ५ लाखांहून जास्त लोकांना श्वसनाचे आजार झाल्याची नोंद झाली.

आता दोन आकडे लक्षात ठेवा. सरकारनं त्या वेळी सांगितलेले मृत्यू: १९. नंतर अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी धुराचं प्रमाण आणि लोकसंख्या यांवरून अंदाज बांधला. त्यांच्या हिशेबानं इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर मिळून सुमारे एक लाख माणसं त्या धुरामुळे वेळेआधी गेली. सरकारनं तो आकडा मानला नाही.

१९ कुठे आणि एक लाख कुठे! इतका फरक का पडतो? कारण आगीत भाजून मेलेला माणूस दिसतो. धुरानं मेलेला माणूस दम्यानं मेला, हृदयविकारानं मेला, म्हातारपणानं मेला असं कागदावर लिहिलं जातं. मरणाच्या दाखल्यावर "धूर" असं लिहीत नाहीत. धुराच्या दाव्याची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

सात जणांचा खटला

२०१६ साली मध्य कालिमांतानच्या सात नागरिकांनी पालंकारायाच्या जिल्हा न्यायालयात खटला घातला. कुणावर? थेट राष्ट्राध्यक्षांवर, वन-पर्यावरण, शेती, जमीन, आरोग्य या खात्यांच्या मंत्र्यांवर आणि प्रांताच्या गव्हर्नरवर.

त्यांनी काय मागितलं ते नीट ऐका. त्यांनी मला इतके पैसे द्या, त्याला तितके द्या असं मागितलं नाही. ते म्हणाले: चांगली हवा हा आमचा हक्क, तो सांभाळणं तुमचं काम, ते तुम्ही केलं नाही. म्हणून आता करा. २००९ च्या पर्यावरण कायद्याचे राहिलेले नियम करा. धुरानं आजारी पडलेल्यांना सरकारी दवाखान्यात फुकट उपचार द्या. फुप्फुसाच्या आजारांचं खास रुग्णालय बांधा. धूर आला की म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि पोरं यांना ठेवायला बिनधुराच्या जागा तयार करा. आणि कुठली जमीन जळाली, तिचा परवाना कुणाकडे होता, याचा नकाशा जाहीर करा.

मार्च २०१७ मध्ये न्यायालयानं यातलं बरंचसं मान्य केलं. सरकार अपिलात गेलं, वरच्या न्यायालयातही हरलं. मग सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही जुलै २०१९ मध्ये हरलं. त्याच वर्षी पुन्हा आगी लागल्या आणि १६ लाख हेक्टर जमीन जळाली. म्हणजे कोर्टात लोक जिंकत होते आणि जमीन जळत होती. सरकारनं फेरविचाराचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं आधीचा निकाल फिरवला. सहा वर्षं लढून, तीन वेळा जिंकून, शेवटी सात जण हरले.

आता कुणी म्हणेल, हरलेल्या खटल्याची गोष्ट कशाला सांगता? तिच्यात आपल्या कामाच्या चार गोष्टी आहेत म्हणून.

एक. त्यांनी आग कुणी लावली हा प्रश्न मागे ठेवला आणि आग लागू नये, धूर लोकांपर्यंत पोचू नये, पोचला तर उपचार मिळावा ही जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पुढे आणला. काडी ओढणारा सापडत नाही. जबाबदार खातं मात्र पत्त्यासकट सापडतं.

दोन. सात जणांचा खटला होता, पण मागण्या लाखोंच्या कामाच्या होत्या. एकेकट्या माणसाची छाती कोर्टात सिद्ध करणं फार अवघड. सगळ्या गावाचा हक्क सिद्ध करणं त्या मानानं सोपं.

तीन. जळालेल्या जमिनीचा नकाशा मागणं हेच मोठं हत्यार होतं. कोण जबाबदार ते नकाशा बोलतो.

चार. धूर कंपन्यांच्या आणि सरकारच्या कालव्यांतून आला आणि पोलीस दायाक शेतकऱ्याच्या दारात गेले. हे आपल्याला जास्त जवळचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काडी कुणाची?

इंडोनेशियाच्या २००९ च्या कायद्यात परंपरेनं शेत भाजणाऱ्या कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत सूट आहे. भोवती जाळरेषा काढायची आणि आग पसरू द्यायची नाही, ही अट. म्हणजे कायद्यानंच मान्य केलं की शेत भाजणं वेगळं आणि जंगल जाळणं वेगळं. पण २०१५ नंतर सरकारनं सरसकट "जाळणं बंद" असा हुकूम चालवला. पश्चिम कालिमांतानच्या सिंतांग जिल्ह्यात सहा शेतकऱ्यांवर खटले भरले. हजारो माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि मार्च २०२० मध्ये न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं.

आणि कंपन्यांचं काय झालं? दक्षिण सुमात्रात कागदाच्या लाकडाची लागवड करणाऱ्या एका कंपनीवर सरकारनं ७ लाख ८० हजार कोटी रुपियाचा दावा लावला. रुपिया हे तिथलं चलन. खालच्या न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये दावा फेटाळला. वरच्या न्यायालयानं पुढच्या वर्षी भरपाई मंजूर केली, पण मागितल्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. तीसुद्धा झाडांची आणि मातीची. माणसांच्या फुप्फुसाचा त्यात एक पैसा नव्हता. म्हणून २०२४ साली त्याच भागातल्या रहिवाशांनी स्वतःच तीन कंपन्यांवर धुराबद्दल दावा दाखल केला.

आता आपल्याकडे या. वणवा लागला की पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "मोहासाठी आदिवासींनीच लावली असेल." मोहाच्या झाडाखालचा पाला काही ठिकाणी जाळतात, हे खरं आहे. राब भाजतात, हेही खरं. पण बांधावर उभं राहून, वारा पाहून, चार माणसांनी भाजलेला राब आणि डोंगरच्या डोंगर खाणारा वणवा या दोन गोष्टी एकच नाहीत. सडकेवरून फेकलेली बिडी, हद्दीवरची न काढलेली जाळरेषा, विजेच्या तारेची ठिणगी, यांचीही चौकशी व्हायला पाहिजे. ती न होता बोट आपल्याकडे वळतं.

या बोटामागे कायदा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ बघा. त्यात म्हटलं आहे की राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर राज्य सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क ठरवील तितक्या काळासाठी स्थगित करू शकतं. कळलं का? आग एकानं लावली तरी हक्क गावाचे थांबतात. म्हणून धुराचा प्रश्न हा नुसता आरोग्याचा नाही, तो जमिनीच्या हक्काशी जोडलेला आहे.

आणि कलम ७९ बघा. ज्याला जंगलात हक्क आहे, त्यानं आगीची खबर दिलीच पाहिजे आणि आग विझवायला मदत केलीच पाहिजे. नाही केली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे आग विझवणं आपल्याला सक्तीचं. पण विझवताना धूर छातीत गेला तर? त्याबद्दल या कलमात एक अक्षर नाही. मजुरी नाही, मास्क नाही, औषध नाही. इंग्रजाच्या वेळचं वेठीचं कलम आहे हे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर गेले. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण जागीच गेले. भाजून मेलेल्यांची निदान बातमी झाली. त्यांच्याच बरोबर उभं राहून धूर प्यालेले किती, याची मोजदाद कुठल्या वहीत आहे?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २०१९ पासून नियम आहे. वणव्याच्या धुरामुळे हवेतल्या बारीक कणांचा निर्देशांक १५१ वर गेला, की उघड्यावर काम करणाऱ्या मजुराला मालकानं चांगला मास्क पुरवायचा. शेतमजूर असो की आणखी कुणी. तिकडच्या शेतमजुराला हे मिळतं, तर आपल्या वनमजुराला का नाही?

धूर छातीत काय करतो

थोडं हेही समजून घेऊ, कारण कोर्टात हेच विचारतात. धुरात राखेचे मोठे कण असतात, ते नाकात अडकतात. पण काही कण इतके बारीक की केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. त्यांना पीएम २.५ म्हणतात. ते नाकात, घशात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, त्यातले काही रक्तातही जातात. दमा वाढतो, हृदयावर ताण येतो, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही त्रास होतो. पंचा किंवा पदर यांतून हे कण आरपार जातात. एन-९५ मास्क त्यांना बऱ्यापैकी अडवतो.

आपल्या देशाच्या मापानं चोवीस तासांत एका घनमीटर हवेत हे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं माप त्याहून कडक, १५. मोजण्याची यंत्रं असतात शहरात. डोंगरातल्या पाड्याचा धूर मोजायला यंत्र नसतं. आणि जे मोजलं नाही ते झालंच नाही, असं समोरचा वकील म्हणणार.

तो आणखीही म्हणणार: "तुमच्या घरात चूल आहे. चुलीचा धूर नाही का? हा माणूस बिडी ओढतो. याला आधी टीबी झाला होता." हे प्रश्न खोटे नाहीत. त्यांना रागावून उत्तर मिळत नाही, कागदानं मिळतं. चूल बारा महिने असते. मग चैत्रातल्या याच दहा दिवसांत दवाखान्यात एवढी माणसं का आली? बिडी न ओढणारी पोरं का आली? हे दाखवता आलं तर चुलीचा मुद्दा तिथेच संपतो.

कागद नसला की काय होतं ते भोपाळनं दाखवलं आहे. १९८४ च्या गॅसकांडात १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. माणसं लाखोंनी आजारी, पण भरपाई ठरली दवाखान्याच्या कागदावरून. बहुतेकांच्या आजारावर तात्पुरता असा शिक्का बसला आणि हातात २५,००० रुपये आले. श्वास मात्र जन्माचा गेला. गॅस काय, धूर काय, हवेतून आलेल्या दुखण्याचा पुरावा हवेत विरून जातो. तो त्याच दिवशी पकडून ठेवावा लागतो.

आपल्या कायद्यात काय दारं आहेत

पहिलं दार, मजुराचं. जो वनखात्याच्या किंवा ठेकेदाराच्या मजुरीवर आग विझवायला गेला, त्याचा दावा मालकावर. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा यासाठीच होता. आता त्याच्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. मुद्दा एकच सिद्ध करायचा: काम करताना, कामामुळे इजा झाली. म्हणून हजेरीपटावर नाव पाहिजेच. "या रे पोरांनो" म्हणून नेलं आणि नाव लिहिलं नाही, तर दावा तिथेच लंगडा होतो.

दुसरं दार, हरित न्यायाधिकरणाचं. २०१० च्या कायद्यानं ते झालं, आपल्या भागासाठी ते पुण्यात बसतं. कलम १५ खाली प्रदूषणाच्या बळींना भरपाई मागता येते. मुदत पाच वर्षं. कलम १७ मध्ये असंही आहे की चूक सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी लावता येते. पण एक खाच लक्षात ठेवा. न्यायाधिकरण ज्या सात कायद्यांखाली काम करतं, त्यांत हवेच्या प्रदूषणाचा १९८१ चा कायदा आहे, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा आहे, वन संवर्धनाचा १९८० चा आहे. १९२७ चा वन कायदा नाही आणि आपला वनहक्क कायदाही नाही. म्हणून अर्ज लिहिताना "जंगलाला आग" एवढंच लिहून भागत नाही. "हवा दूषित झाली, माणसं आजारी पडली" असं मांडावं लागतं.

तिसरं दार, हायकोर्टाचं. घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क. १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्वच्छ हवा आणि पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. १९९३ साली नीलाबती बेहरा खटल्यात म्हटलं की मूलभूत हक्क मोडला तर सरकारकडून थेट भरपाईही देववता येते. कालिमांतानच्या सात जणांनी वापरली ती वाट या दाराशी सर्वांत जवळची आहे.

दारं आहेत, पण आत जाणारी वाट मळलेली नाही. ती आपल्यालाच मळावी लागेल. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा.

दुधारी पातं

आता एक अवघड गोष्ट. ती आपसांत बोललीच पाहिजे. आपण म्हणतो, जंगल आमचं, सामूहिक वनहक्क आमचा. २००६ च्या कायद्याच्या कलम ३(१)(झ) प्रमाणे जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था बघण्याचा हक्क आपला. कलम ५ प्रमाणे ते जंगल सांभाळण्याचं कामही ग्रामसभेचं. मग उद्या आपल्या सामूहिक जंगलातून वणवा उठला आणि खालच्या गावात धूर गेला, तर ते गाव विचारील, "जंगल तुमचं ना? मग धूरही तुमचा."

यावर "आम्ही नाही त्यातले" असं म्हणून चालणार नाही. जंगल आमचं म्हणायचं आणि वणवा खात्याचा म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं बोलता येत नाही. पण त्याचबरोबर हेही खरं की जबाबदारी ग्रामसभेची म्हणायची आणि जाळरेषेचा पैसा, ब्लोअर मशीन, मजुरी मात्र खात्याकडे ठेवायची, हेही चालणार नाही. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेची व्यवस्थापन समिती आणि तिचा आराखडा असतो. त्या आराखड्यात वणव्याचं पान असलंच पाहिजे: जाळरेषा कुठे, कोण काढणार, राब कुठल्या दिवशी भाजायचा, पाणी कुठे, रात्री कोण जाणार. ते पान लिहिलेलं असेल आणि त्यासाठी पैसे मागितल्याची पोच आपल्याकडे असेल, तर उद्या कोर्टात आपण मान वर करून उभे राहू.

पाड्यावर गेल्यावर काय करायचं

१. प्रत्येक ग्रामसभेनं आग-धुराची वही ठेवायची. तारीख, वेळ, कुठल्या कक्षात आग, जमीन कुणाच्या ताब्यातली, धूर पाड्यावर किती दिवस, विझवायला कोण गेलं, कुणी बोलावलं. खाली पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे. शाळेत शिकणाऱ्या मुलीकडे वही द्या, ती नीट लिहिते.

२. धूर लागला की त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. उपकेंद्र असो, प्राथमिक आरोग्य केंद्र असो, केसपेपर काढायचा आणि डॉक्टरांना नम्रपणे सांगायचं, "कशानं झालं तेही लिहा, वणव्याच्या धुरानं." नुसतं "खोकला" लिहिलेला कागद पुढे कामाला येत नाही. आशाताईंनाही हे समजावून सांगा. हंगामाच्या आधी आणि नंतर फुंकून छाती मोजण्याची चाचणी करायला आरोग्य खात्याकडे लेखी मागणी करा.

३. हजेरीपटावर नाव आल्याशिवाय आग विझवायला मजुरीनं जायचं नाही. कलम ७९ चा धाक घातला, तर जायचं, पण कुणाच्या हुकुमानं गेलो ते वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी रेंजरला अर्ज देऊन पोच घ्यायची.

४. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपते आणि नोंद केलेल्या माणसाला मोबाइलवर खबर देते. प्रत्येक ग्रामसभेतल्या एका तरुणानं नाव नोंदवायचं. तो संदेश पुसायचा नाही. तारीख आणि ठिकाण यांचा तो सरकारी पुरावा आहे.

५. हंगाम संपला की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा: आपल्या भागात किती आगी लागल्या, कोणत्या कक्षात, कारण काय लिहिलं, जाळरेषेवर किती खर्च दाखवला. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. ते उत्तर आपल्या वहीशी ताडून बघायचं. कालिमांतानच्या लोकांनी जो नकाशा मागितला, तो आपण असा स्वतः तयार करायचा.

आणि सगळ्यांनी मिळून सरकारकडे मागायचं: आग विझवणाऱ्या प्रत्येकाला मजुरी, मास्क, विमा. धुराच्या दिवसांत मोफत उपचार आणि दम्याची औषधं उपकेंद्रातच. ग्रामसभेला वणव्याचा निधी थेट. आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय कलम २६ खाली कुठलाही हक्क स्थगित करायचा नाही.

साथींनो, जमिनीच्या दाव्यात आपण काय शिकलो? आजा-पणजाची कसवणूक सगळ्या गावाला माहीत होती, पण पुरावा मागितला तेव्हा जुनी पावती, दंडाची नोंद, म्हाताऱ्या माणसाचा जबाब शोधत फिरावं लागलं. धुराच्या बाबतीत आपण अजून वेळेवर आहोत. येत्या होळीच्या आधी वही आणा, पहिल्या पानावर गावाचं नाव घाला. पुढच्या शिबिराला येताना ती वही बरोबर घेऊन यायची. नुसतं "धूर लागला" असं सांगायला कुणी येऊ नये.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! आणि हवासुद्धा!

जिंदाबाद!